वाईचं पाणी

आमच्या थोरलीला रविवारच्या मराठी वर्गात पाच मिनिटांचं भाषण आलं. 'आलं' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय. ताप येतो, गोवर येतो, तसं भाषण येतं. येतं एकाला आणि होतं घरातल्या सगळ्यांना. वेलिंग्टनमधली चार हौशी मंडळी एक हॉल भाड्यानं घेऊन मुलांसाठी हा वर्ग चालवतात. या खेपेला मोठ्या मुलांनी लहान मुलांना रोजच्या वापरातली एकेक गोष्ट सोप्या मराठीत समजावून सांगायची होती. चिठ्ठ्या टाकल्या. एकाला 'साबण' निघाला, एकीला 'छत्री' निघाली. (छत्री ही वेलिंग्टनच्या वाऱ्यात वापरायची वस्तू नसून मोडायची वस्तू आहे, पण तो त्या मुलीच्या बापाचा प्रश्न.) आमच्या चिठ्ठीत निघालं 'शुद्ध पाणी'.

गाडीत बसल्या बसल्या थोरलीनं विचारलं, "बाबा, शुद्ध म्हणजे काय?"

"स्वच्छ."

"मग स्वच्छ पाणी असं का नाही लिहिलं?"

मी सिग्नलकडे बघत राहिलो. दहा वर्षांच्या या मुलीचा 'शुद्ध' या शब्दाशी आलेला संबंध मर्यादित आहे. शुद्ध तूप तिला माहीत आहे, कारण ते आजी भारतातून बॅगेत आणते की नाही यावर घरात चर्चा होते. शुद्धलेखन माहीत आहे, कारण ते लाल होऊन परत येतं. कॅलेंडरातली शुद्ध चतुर्थी माहीत आहे, त्या दिवशी मोदक असतात. आणि आजीच्या मालिकेतला नायक गेले दोन महिने शुद्धीवर आलेला नाही, हेही माहीत आहे. या चार आधारांवर विचार करून ती म्हणाली, "म्हणजे पाणी आधी बेशुद्ध असतं आणि मग त्याला शुद्धीवर आणतात?"

मी "साधारण तसंच" म्हणालो. तेव्हा टाळायला म्हणालो होतो. आठवडाभरानं कळलं की त्याहून बरी व्याख्या घरातल्या तीन पदवीधरांपैकी कुणालाच करता आली नाही.

घरातल्या तीन पदवीधरांपैकी पहिली माझी आई. ती तीन महिन्यांसाठी आली होती. आई वाईची. मराठी विश्वकोशाचा कारभार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्या गावातून चालवला, त्या गावात आयुष्य गेल्यामुळे विश्वकोशातल्या सगळ्या नोंदी आपल्याला न वाचताही येतात, असा तिचा समज आहे. दुसरी माझी बायको. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, त्यामुळे आपण ज्याला जेवण म्हणतो त्याला ती मनातल्या मनात नमुना म्हणते. तिसरा मी. मी संगणकावर काम करतो, म्हणजे पाण्याच्या बाबतीत अडाणी.

आईच्या आगमनालाच पाण्याचा शकुन झाला होता. इथल्या शाळांत मुलांना माओरी भाषा थोडीथोडी शिकवतात. विमानतळावर धाकट्यानं आजीला बघून ऐटीत विचारलं, "को वाई कोए?" आई एकदम गहिवरली. "हो रे बाळा, वाईचीच मी! तुला कुणी सांगितलं?" माओरीत 'को वाई कोए' म्हणजे 'तू कोण आहेस?'. तिथे 'वाई' म्हणजे 'कोण'. आणि गंमत अशी की 'वाई' म्हणजेच 'पाणी'. ओळख करून देताना माओरी माणूस आधी आपला डोंगर सांगतो, आपली नदी सांगतो आणि शेवटी स्वतःचं नाव. थोरलीनं शाळेत अशी ओळख लिहिली तेव्हा नदी 'कृष्णा' अशी लिहिली होती. हे ऐकल्यापासून आईचं माओरी लोकांबद्दलचं मत फार चांगलं झालं. पुढे आम्ही तिला आजूबाजूच्या भागांची नावं सांगितली, वाईफेतू, वाईनुईओमाता, तेव्हा ती म्हणाली, "सगळी आपलीच वस्ती दिसतेय."

मत माओरी लोकांबद्दल चांगलं झालं, त्यांच्या देशातल्या नळाबद्दल नाही. पहिल्याच संध्याकाळी तिनं मोठं पातेलं शेगडीवर चढवलं. पाणी खळखळा उकळायचं, वर झाकण ठेवून रात्रभर निववायचं, सकाळी चौपदरी फडक्यानं गाळून भरायचं. विमानात माठ आणता आला नाही याची हळहळ वेगळी.

"आई, इथे लोक थेट नळाचं पाणी पितात," बायको म्हणाली.

"पितात ना. आणि मग आजारी पडतात."

"कोण पडलंय आजारी?"

"लोक सांगतात थोडेच!"

यावर सुनेनं जिंकायला हवं होतं. पण शास्त्र शिकलेल्या माणसाची अडचण अशी की त्याला विरुद्ध पक्षाचे पुरावेही माहीत असतात. तिनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं. ऑगस्ट २०१६ मध्ये याच देशात, हॅवलॉक नॉर्थ नावाच्या चौदा-एक हजार वस्तीच्या टुमदार गावात, नळाचं पाणी पिऊन हजारो लोक आजारी पडले होते आणि चार मृत्यूंचा संबंध त्या साथीशी लागला. मुसळधार पाऊस झाला, कुरणातली मेंढ्यांची विष्ठा वाहत वाहत विहिरींच्या पाण्यात शिरली आणि त्या पाण्यात क्लोरीन घालत नसत. जमिनीखालचं पाणी, त्याला काय होतंय, असा सगळ्यांचा विश्वास. मग मोठी चौकशी झाली, पिण्याच्या पाण्यावर लक्ष ठेवायला 'टाउमाटा अरोवाई' नावाचं स्वतंत्र खातं निघालं आणि २०२१ मध्ये नवा कायदा आला.

"अरो-वाई," आई म्हणाली. तिला तेवढंच ऐकू आलं होतं. "बघ." आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

सोमवारी मी कर्तव्य म्हणून थोरलीला घेऊन बसलो. वेलिंग्टनचं पाणी येतं कुठून? बरंचसं हट नदीतून, काइतोके नावाच्या रानातून. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमातलं एल्फ लोकांचं रिव्हेंडेल हे गाव याच रानात उभारलं होतं. म्हणजे आपण सकाळी चहात घालतो ते पाणी एल्फांच्या अंगणातून आलेलं असतं. थोरली खूश झाली. "मग ते शुद्धच असणार." मी म्हटलं, एल्फ शुद्ध असतील, पण रानात पाखरं असतात, उंदीर असतात, आणि त्यांना शौचालयं बांधून दिलेली नाहीत. त्यामुळे हे पाणी आधी 'ते मारुआ' नावाच्या गावी नेतात. तिथे ते शुद्ध करायचा कारखाना आहे.

"ते मारू या?" आई आतून म्हणाली. "जंतू? चांगलं नाव ठेवलंय."

मग मी तांत्रिक माहिती वाचू लागलो. पाण्यात मातीचे इतके बारीक कण असतात की ते खाली बसतच नाहीत. त्या सगळ्या कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. मग त्यात अॅल्युमिनियमचा एक क्षार घालतात. त्यामुळे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि ते—

"अरे, तुरटी फिरवतात असं सांग की!" आई ओरडली.

मी वाचायचं थांबलो. खरंच, तुरटीसारखंच ते. तुरटी म्हणजे अॅल्युमिनियमचाच क्षार. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं की आई हंड्यात तुरटीचा खडा चार वेळा गोल फिरवायची आणि सकाळी तळाला बोटभर गाळ बसलेला असायचा. वेलिंग्टनसारख्या राजधानीच्या शहराचा तो झगमगीत कारखाना म्हणजे, थोडक्यात, पावसाळ्यातला आमचा वाईचा हंडा.

इंडियन दुकानातून तुरटी आणली. दुकानदारानं "दाढी के लिए?" विचारलं, मी "पानी के लिए" म्हणालो, तेव्हा त्यानं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. धाकट्यानं बागेतली मूठभर माती बरणीत कालवली. आईनं खडा फिरवला. "आता हे मातीचे कण म्हणजे लग्नातली पोरं. मांडवभर उधळलेली. एकाला पकडायला जावं तर दुसरं पळतं. तुरटी म्हणजे कोण? पंगतीला बसवणारी मोठी आत्या. ती फिरली की पोरं आपोआप एका जागी गोळा होतात आणि खाली बसतात." अर्ध्या तासात बरणीतलं पाणी वरून नितळ झालं. विद्युतभाराबद्दलची माझी तीन पानं मी घडी घालून खिशात ठेवली.

पुढचा प्रवासही असाच झाला. मी कारखान्यातली पायरी सांगायची आणि आईनं ती आपल्या स्वयंपाकघरातून काढून दाखवायची. निवळलेलं पाणी वाळूच्या थरांतून गाळतात, "म्हणजे फडकं." आंबटपणा मारायला अशा कारखान्यांत चुन्यासारखं काहीतरी घालतात, नाहीतर नळ आतून खातं पाणी, "आणि लोक म्हणतात चुना लावणं वाईट." शेवटी क्लोरीन. ते मात्र आईला मान्य नव्हतं, "तरण तलाव पितोय असं वाटतं." मी आठवण करून दिली की आपल्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, पावसाळ्यात आशाताई घरोघरी मेडिक्लोरच्या बाटल्या देतात, ते वेगळं काही नसतं. "आपल्याकडचं वेगळं," आई म्हणाली. "तो टाकतो म्हणजे टाकलंच असेल असं नाही."

आणि फडक्याला हसू नका, असं बायकोनं मला बजावलं. आपल्याकडे नारू नावाचा रोग होता. विहिरीच्या पाण्यातल्या बारीक पिसवांसारख्या जिवातून तो पोटात जायचा आणि वर्षभरानं पायातून हातभर लांब किडा बाहेर यायचा. त्यावर ना लस होती ना औषध. तो देशातून गेला तो पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, पाण्यात औषध टाकून आणि घरोघरी पाणी फडक्यानं गाळून. २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. आईनं त्या रात्री फडकं जरा जास्तच झोकात पिळलं.

गुरुवारी थोरलीला एक शंका आली. इतकं सगळं करण्यापेक्षा पाण्याची वाफ करून तिचं पुन्हा पाणी का नाही करत? घाण खाली राहील, पाणी वर जाईल. शंका रास्त होती. किटली लावली, वर आईनं थंड स्टीलचं ताट तिरकं धरलं, खाली वाटी. ताटाला थेंब जमले, ओघळले. पाऊण तासात अर्धी वाटी पाणी, एका माणसाच्या हाताला चटका आणि विजेच्या बिलाची चिंता, एवढं जमा झालं. हेच ते अगदी शुद्ध पाणी. यात पाण्याशिवाय जवळजवळ काहीच नाही. प्रत्येकानं एकेक घोट घेतला.

कुणी बोलेना. त्याला चवच नव्हती. आपण पाण्याची म्हणून जी चव सांगतो ती पाण्याची नसतेच. ती त्यात विरघळलेल्या खडकांची, क्षारांची आणि हवेची असते. सगळं काढून टाकलं की उरतं ते गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी. आई म्हणाली, "मेलं आहे हे."

"शाळेत सांगितलं होतं," थोरली म्हणाली, "माओरीत पाण्याचे प्रकार असतात. जिवंत, शुद्ध पाणी म्हणजे वाईओरा. खराब पाणी म्हणजे वाईकीनो. आणि मेलेलं पाणी म्हणजे वाईमाते."

"काय?"

"वाईमाते."

आईनं नकळत हात जोडले.

शनिवारी आम्ही पेटोनीला गेलो. तिथे ब्युइक स्ट्रीटवर जमिनीखालचं पाणी देणारे सार्वजनिक नळ आहेत. हट खोऱ्याखाली खडीवाळूचे थर आहेत आणि त्यांवर चिखलाचं झाकण. त्या थरांत नदीचं पाणी मुरत मुरत दाबाखाली साठतं. भोक पाडलं की पंपाविना आपोआप वर येतं. या साठ्याचं नाव वाईफेतू, म्हणजे ताऱ्याचं पाणी. तो बंदराच्या समुद्राखालीही पसरला आहे. तिथे क्लोरीन नाही, फ्लोराइड नाही, पैसे नाहीत. त्यामुळे लोक गाड्या भरभरून कॅन आणतात आणि रांग लावतात.

रांग बघून आईला माहेरी आल्यासारखं झालं. पण पाचच मिनिटांत तिचा चेहरा पडला. कुणी भांडत नव्हतं. कुणी कुणाची घागर पुढे सरकवत नव्हतं, "मी कधीची उभी आहे" म्हणत नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर आमच्याकडे एकच बाटली बघून आम्हाला पुढे जाऊ दिलं. "पाण्याची रांग अशी नसते," आई परतताना म्हणाली. "पाणी मिळालं, पण मिळवल्यासारखं वाटलं नाही."

पाणी तिला आवडलं मात्र. "हे उकळायला नको. जमिनीतलं आहे." बायकोनं पुन्हा स्वतःच्या पायावर पुरावा मारून घेतला. २०१६ च्या अखेरीस या भूगर्भातल्या पाण्याच्या चाचण्यांतही ई. कोलाय नावाचे जंतू सापडले होते. तोवर या खोऱ्यातल्या लोअर हट शहराच्या लोकांना बिनक्लोरीनच्या पाण्याचा केवढा अभिमान! २०१७ पासून त्यांच्या नळाला क्लोरीन आलं आणि वॉटर्लूच्या जलशुद्धीकरण केंद्रात अतिनील किरणांचे दिवे बसले. या सार्वजनिक नळांच्या पाण्यावरूनही तेच किरण जातात.

"अतिनील म्हणजे?" थोरलीनं विचारलं.

"उन्हात असतो तसा प्रकाश, फक्त फार तीव्र. जंतू त्यातून गेला की त्याची पिल्लं होणं बंद होतं."

"म्हणजे पाण्याला ऊन दाखवतात," आई म्हणाली. गाद्यांना, पापडांना, मसाल्याला, लोणच्याच्या बरण्यांना आयुष्यभर ऊन दाखवलेल्या बाईला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. बायकोनं वहीत लिहून घेतलं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाच वर्षांत तिला हे इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

परत आलो तर आमच्या उतारावरचा झरा वाहतच होता. झरा म्हणजे फुटलेला नळ. वेलिंग्टनच्या जुन्या नळांतून शुद्ध केलेल्या पाण्यापैकी सुमारे ४० टक्के पाणी वाटेतच मुरतं, असा गेल्या काही वर्षांतला हिशेब आहे. आमच्या पदपथाखालून बाहेर पडणारी धार त्यातलीच. तक्रार केल्यावर कुणीतरी येऊन जागेवर रंगानं एक सुबक बाण काढून गेलं होतं. बाण बरोबर दिशेला होता. पाणी तिकडेच वाहत होतं.

आईनं हिशेब मांडला. एल्फांच्या रानातून पाणी आणायचं, तुरटी फिरवायची, वाळूतून गाळायचं, चुना लावायचा, आणि मग रस्त्याला पाजायचं. "सूर्याला अर्घ्य देतात ते ओंजळीनं. हे तळ्यानं देतात." शिवाय तेव्हा घरोघरी मीटर नव्हतं, पाण्याचे पैसे घरपट्टीतच. आणि याच शहरात जानेवारी २०२४ मध्ये पाणी पुरेना म्हणून बागेत स्प्रिंकलर लावायला बंदी झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर बाणाच्या टोकाशी आमची बादली.

मात्र एका बाबतीत आईचं आणि नगरपालिकेचं एकमत आहे. आमच्या घरामागे दोनशे लिटरची पावसाच्या पाण्याची टाकी आहे. हे शहर भूकंपाच्या भेगेवर बसलेलं आणि पाण्याचे मोठे नळ ती भेग ओलांडून येतात. मोठा धक्का बसला तर कित्येक दिवस नळाला पाणी येणार नाही, म्हणून इथल्या नगरपालिका अशा टाक्या स्वस्तात देतात. नोव्हेंबर २०१६ च्या काइकोरा भूकंपाच्या रात्री शहर हललं तेव्हापासून लोक ते जास्त मनावर घेतात. आईनं टाकी पाहिली. "म्हणजे पिंप." तिच्या चेहऱ्यावर शांती पसरली. "पुण्यात गुरुवारी पाणी येणार नसलं की पेपरात छापून तरी येतं. भूकंप पेपरात देऊन येत नाही. भरून ठेवलेलं बरं." घरातली सगळी भांडी भरून ठेवण्याची जी सवय मी तीस वर्षं तिचा मानसिक विकार समजत होतो, तिचं या शहरात सरकारी पत्रक निघतं.

शनिवारी रात्री भाषण लिहायला बसलो. थोरली पुन्हा पहिल्या प्रश्नावर आली. "पण बाबा, स्वच्छ आणि शुद्ध यात फरक काय?"

"आहे ना," आई भाजी निवडत म्हणाली. "स्वच्छ म्हणजे दिसायला. शुद्ध म्हणजे... आमच्या लहानपणी सोवळ्याचं पाणी वेगळं भरायचे. ते कुणी शिवलं की अशुद्ध. माझी आजी तर प्रवासात कुणाच्या हातचं पाणी पीत नसे. स्वतःचा तांब्या घेऊन निघायची."

"पाणी शिवायचे? सुईनं?"

हसलो सगळे. मग हसू ओसरलं आणि कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मी दिलं. शिवणं म्हणजे हात लावणं. काही माणसांनी हात लावला तर पाणी बाटतं, असं दुसरी काही माणसं मानत. वाईहून महाबळेश्वर ओलांडून घाट उतरलं की पोलादपूर, पुढे महाड. तिथे चवदार तळं आहे. त्यात गुरं पाणी पीत, पण दलितांना पिऊ देत नसत. नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता, तो कागदावरच होता. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले.

"मग?"

"मग त्यांच्याबरोबरच्या लोकांना मारहाण झाली. आणि नंतर गावातल्या काही लोकांनी तळं शुद्ध केलं. एकशे आठ घागरी पाणी बाहेर काढलं आणि दही, दूध, शेण, गोमूत्र मंत्र म्हणत तळ्यात घातलं."

थोरलीनं आईकडे, म्हणजे तिच्या आईकडे, पाहिलं. गेला आठवडाभर ती ई. कोलाय हा शब्द रोज ऐकत होती. पाण्यात ई. कोलाय शोधतात ते कशासाठी? ते आतड्यात राहतात. पाण्यात सापडले की समजायचं, कुणाची तरी विष्ठा त्यात गेली. जगातल्या प्रत्येक पाणी-प्रयोगशाळेचा पहिला प्रश्न तोच असतो.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "शुद्ध करायला त्यांनी शी घातली?"

बायको म्हणाली, "हो."

"आणि मग प्यायले?"

याचं उत्तर कुणी दिलं नाही. ते तळं सगळ्यांचं आहे हे मुंबई उच्च न्यायालयानं मान्य करायला १९३७ साल उजाडलं, एवढं मी सांगितलं. आईनं पातेल्यावरचं झाकण उचललं, आत पाहिलं, पुन्हा ठेवलं. आजीच्या तांब्याबद्दल ती पुढे काही बोलली नाही.

रविवारी हॉल भरला होता. साबण झाला, छत्री झाली. (छत्रीचं प्रात्यक्षिक दाखवताना दार उघडं राहिलं, आणि तिसऱ्या मिनिटाला छत्री उलटी.) मग आमची. मी लिहून दिलेला कागद ती घरीच विसरली होती, हे मला ती व्यासपीठावर चढल्यावर कळलं.

"नमस्कार. पाणी आधी बेशुद्ध असतं," तिनं सुरुवात केली. "ते डोंगरावरून पडतं ना, म्हणून. मग त्याला कारखान्यात नेतात. तिथे एक आत्या असते, तुरटी आत्या. ती सगळ्या मातीला खाली बसवते. मग पाण्याला फडक्यातून नेतात. मग त्याला चुना लावतात. मग ऊन दाखवतात. मग थोडा क्लोरीन हुंगवतात. मग ते शुद्धीवर येतं." समोरच्या पाच वर्षांच्या मुलांचे डोळे मोठे झाले होते. "शुद्ध पाणी म्हणजे, ज्यात कुणाचीच शी नसते."

हॉलमध्ये हशा फुटला. लहान मुलं सतरंजीवर लोळू लागली. ती थांबली नाही. "मेंढीची पण नाही, पक्ष्याची पण नाही, आणि गाईची पण नाही."

मोठ्यांच्या रांगेत 'गाईची'पाशी दोन-तीन भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. मी छताकडे पाहिलं. बायकोनं मात्र टाळ्या वाजवल्या, आणि तिच्या व्यवसायाला शोभतील अशा वाजवल्या. प्रश्नोत्तरं होती. एका चिमुरड्यानं हात वर केला. "आणि माशाची?"

थोरली गप्प. मासा पाण्यातच राहतो, हा मुद्दा ना माझ्या कागदात होता, ना आईच्या हंड्यात. ती माझ्याकडे बघू लागली, मी बायकोकडे, बायको जमिनीकडे. अशा वेळी आईला ठसका लागला. हसून हसून लागला की आम्हाला वाचवायला, ते मी अजून ठरवलेलं नाही. पण लागला तो खरा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. थोरली व्यासपीठावरून उडी मारून धावली, हॉलच्या स्वयंपाकघरात गेली आणि नळाखाली भरलेला पेला घेऊन आली. हातानं कडेला धरलेला, बोटं निम्मी आत. आईनं तो घेतला आणि गटागटा संपवला. तळाशी उरलं तेही.

रात्री मी विषय काढलाच. "आई, आज न उकळलेलं प्यायलीस. न गाळलेलं. थेट नळाचं."

"नळाचं नाही," आई म्हणाली. "तिच्या हातचं."

मग तिनं पातेलं धुतलं, काठोकाठ भरलं आणि शेगडीवर चढवलं.

"आता कशाला?"

"वा रे! उद्या पाणी गेलं म्हणजे?"